भिंत न भिजवण्याचं काम

अख्खी गल्ली तिला ओळंबा म्हणायची. ओळंबा म्हणजे गवंड्याचं दोरीला टांगलेलं वजन, भिंत सरळ आहे की कललीय ते सांगणारं. हिला दोरी लागत नसे. कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की आधी भिंतीकडे बघायची, मग माणसांकडे. एका लग्नघरी तर नवरीचं तोंड बघायच्या आधीच म्हणाली, "हा कोपरा कुणी केलाय हो? झोपेत केलाय!" कोपरा करणारा होता नवरीचा मामा, आणि तो तिच्या शेजारीच जेवत होता.

नवरा मिस्त्री. ती माल कालवायची, तो गिलावा चढवायचा. बोलण्याचं खातं सगळं हिच्याकडे, त्याच्या वाट्याला दोनच गोष्टी, "हं" आणि "भिजवली का?" भिंत पाण्याने चिंब केल्याशिवाय तो थापीला हात लावत नसे. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, मग गिलावा धरत नाही आणि पुढेमागे खपलीसारखा सुटून येतो. लग्न झाल्यापासून तिने दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"अहो, कधी माझ्याबद्दल दोन शब्द बोलाल का?"

"भिजवली का?"

परकं सैन्य गावात येऊन वर्ष उलटलं होतं. सूतगिरणीत त्यांनी ठाणं मांडलं होतं. गल्लीतून माणसं उचलून नेत आणि घरच्यांना सांगत, कामाच्या छावणीत पाठवलंय. शेजारच्या शिवणवालीचा नवरा असाच गेला. बापाचा हात सोडेना म्हणून लहानगा मुलगाही गेला. शिवणवाली मुलासाठी सदरे शिवत राहिली, दर वेळी थोडा मोठ्या मापाचा. येईल तेव्हा वाढलेला असेल ना.

एके सकाळी त्यांचा हवालदार दारात उभा. सोबत दुभाष्या, पूर्वी नाटकाची तिकिटं विकणारा.

"भिंत. तू. पांढरी. लवकर," हवालदार म्हणाला.

दुभाष्याने गंभीरपणे भाषांतर केलं, "भिंत. तू. पांढरी. लवकर."

बाहेरच्या देशांतली माणसं पाहणीला येणार होती, त्याआधी गिरणीमागच्या आवारातली भिंत नीट दिसायला हवी होती. मिस्त्री म्हणाला, "हं."

झालं! गल्लीने दोघांशी बोलणं टाकलं. न्हाव्याचा वस्तरा मिस्त्रीपुरता कायमचा धार लावायला गेला. शिवणवालीने मधली खिडकी लावून घेतली. घरात तर ओळंब्याच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता.

"लाज कशी वाटत नाही? त्यांची कामं करायची?"

"मी नाही केलं तर दुसरा करेल."

"करू दे की मग दुसऱ्याला!"

"दुसरा चांगलं करेल," मिस्त्री म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

हे वाक्य चपलेत खडा जावा तसं तिला टोचत राहिलं. चांगलं करेल म्हणजे? मग हा काय वाईट करणार आहे?

दुसऱ्या दिवशी ती भिंतीसमोर उभी राहिली आणि तिचं तोंड पहिल्यांदाच आपोआप मिटलं. विटांत भोकं होती. बहुतेक छातीच्या उंचीला. डाव्या टोकाला मात्र बरीच खाली. यांना नेमसुद्धा धरता येत नाही का, असं आधी तिच्या मनात आलं. मग ती एका खालच्या भोकाला टेकून उभी राहिली. ते तिच्या कमरेशी आलं. कोण उभं असेल इथे, एवढंसं? तिला कळलं, आणि ती मटकन वाळूच्या ढिगावर बसली. शिवणवालीची बंद खिडकी डोळ्यांपुढून हलेना.

पण हात कामाचे. ती उठली, बादली उचलली.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला.

"काय राहू दे?"

"पाणी."

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही. अहो, भिंत कोरडी ठणठणीत आहे! पाणी नको? तुम्हाला? उद्या म्हणाल जेवणही नको!"

हवालदार वळला. "बाई काय बोलते?"

दुभाष्याने तो सगळा धबधबा ऐकून घेतला आणि सांगितलं, "नवऱ्याला गाढव म्हणते, साहेब."

हवालदार खूश होऊन हसला. मिस्त्री आणखी चुना आणायला फाटकाकडे गेला. ओळंब्याला काही राहवेना. म्हातारा विसरभोळा झाला म्हणून घराण्याचं काम बिघडवायचं? तिने डावं टोक भरपूर भिजवलं, माल फेकला, रंधा फिरवला. भोकं बुजली, भिंत आरशासारखी झाली. मिस्त्री परतला, ते टोक बघितलं, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

घरी आल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. भिंत मुद्दाम कोरडी ठेवायची, वर धूळ फासायची, भोकांत चिंध्या कोंबायच्या, मग गिलावा. हे लोक असेपर्यंत टिकेल. गेले की ठोकायचा. अख्खा सुटेल आणि खाली सगळं जसंच्या तसं मिळेल. नाहीतर हे उद्या म्हणतील, इथे काही झालंच नाही.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तो स्टोव्ह दुरुस्त करणारा येऊन गेला ना."

"आपल्याकडे स्टोव्ह कुठाय?"

"म्हणून तर दार लावून बोललो त्याच्याशी."

भूमिगतांचा माणूस आपल्या ओट्यावर चहा पिऊन गेला आणि आपण त्याला चुलीचा धूर किती होतो ते सांगत बसलो! पण हसू आलं नाही. "मला का नाही सांगितलं?"

मिस्त्रीने नुसतं तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला उत्तर मिळालं.

डावं टोक घट्ट बसलं तर ती खालची भोकं कायमची गेली. ती गेली तर मोठी माणसं मेली एवढंच उरेल. माल अजून ओला होता, उद्या खरवडता आला असता. पण हवालदारासमोर खरवडायचा कसा?

सकाळी ती आवारात शिरली तीच कपाळ बडवत. "अगं बाई गं, हे काय झालं माझ्या हातून! वाकडी! बाहेरची माणसं तोंडात बोटं घालतील!"

हवालदाराने हत्यारांतून खराखुरा ओळंबा काढला आणि वरून सोडला. दोरी भिंतीला अशी लागून उतरली की मध्ये केस जाऊ नये.

"सरळ," हवालदार म्हणाला.

"दोरी चुकतेय," ती म्हणाली.

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. दुभाष्या एकदा दोरीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "साहेब, ही वाकडी म्हणते म्हणजे वाकडीच असणार. माझ्या तिकिटाच्या खिडकीलाही म्हणाली होती. मोजली, तर होतीच." तो सगळं ओळखून बोलला की खरंच तिला घाबरत होता, याचा पत्ता तिला पुढेही कधी लागला नाही.

"काढ. परत. लवकर."

ती खाली बसली आणि गिलावा खरवडू लागली. एकेका भोकात बोट घालून माल कोरून काढला. कुठे बोट सहज जाई, कुठे आत काही टणक लागे. ते तिने तसंच राहू दिलं. भिंत उन्हात सुकेपर्यंत दोघं उजवीकडे उगाच रेंगाळली. मग तिने चिंध्या कोंबल्या, धूळ फासली आणि जन्मात पहिल्यांदा मन लावून वाईट काम केलं.

पाहुणे आले. एकाने कौतुकाने भिंतीवर थाप मारली. पोकळ वाजली. फाटकाशी उभ्या ओळंब्याला ते तेवढ्या लांबून ऐकू आलं. त्याला काही ऐकू आलं नाही. त्याच्या घरी कुणी गवंडी नसावं.

सैन्य गेलं तेव्हा चौकशीचा साहेब आला आणि त्याच्यामागून अख्खी गल्ली. मिस्त्रीने उजवीकडे ठोकलं. गिलाव्याची लादीच्या लादी धप्पकन खाली आली. लोक मागे सरले. डावीकडे मात्र ओल राहिलेली असणार. एक पट्टा सुटेना. ओळंबा खिळा घेऊन बसली आणि दुपारपर्यंत टोकरत राहिली. काही भोकांच्या कडा तुटल्या. खालची सगळी नाही, पण बरीचशी मिळाली.

शिवणवाली गर्दीतून पुढे आली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि पोरगा कुठवर यायचा तिथे स्वतःच्या अंगावर हात ठेवला. मग वळून हाताखाली बघितलं.

"वहिनी, यातलं कुठलं गं?"

जिला कुठल्याही भिंतीचं काहीही विचारा, तिला सांगता आलं नाही. "नाही कळत गं. पण लहान माणसं होती. एवढं कळतं."

साहेब वहीत लिहीत होता, "खालच्या बाजूला काही खुणा."

"काही नाही," शिवणवाली म्हणाली. "उंची लिहा." तिने गळ्यातली मापाची पट्टी काढली आणि एक टोक ओळंब्याच्या हातात दिलं. "जमिनीला टेकव, वहिनी. नीट धर."

ओळंब्याने टोक टेकवलं. शिवणवालीने पट्टी भोकाशी नेली, आकडा मोठ्याने वाचला, साहेबाने लिहिला. मग दोघी पुढच्या भोकाशी सरकल्या.