बदलीला आई

पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून मीना नाशिकला आली आणि एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागली, त्याला तीन वर्षं झाली. ‘रिलीव्ह’ हा शब्द तिनं तिथंच उचलला. गोळी लिहून देताना डॉक्टर म्हणायचे, दुखणं रिलीव्ह होईल. ड्युटी संपत आली की सिस्टर विचारायच्या, मला रिलीव्ह करायला कोण आहे? मीनानं आपल्यापुरता अर्थ लावला होता: मोकळं करणं. तो बरोबरच होता म्हणा. फक्त तो आयांनाही लागू होतो, ही तिची भाबडी समजूत.

नर्सिंगला तिचा नंबर लागला. शनिवारपर्यंत मूळ दाखले घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. आणि दाखले दवाखान्याच्या कपाटात, कामाला लागतानाच ठेवून घेतलेले. व्यवस्थापक सुनील सरांनी गोड आवाजात सांगितलं, की बदली माणूस मिळाल्याशिवाय रिलीव्ह करता येणार नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तेवढ्याच गोडीत. अशी गोड माणसं फार छळतात.

मीना रडत बसली नाही. तिच्या पाड्यावरची माणसं दरवर्षी टोळीनं दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. तिथं मध्येच कुणाला परतायचं झालं, तर त्यानं आपल्या जागी घरचं माणूस उभं करायचं. मग मुकादम अडवत नाही. तिनं आईला फोन लावला.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मंगलाबाई आल्या. आमच्या टोळीत असंच करतात, बदली माणूस आणलंय, असं मीनानं सांगितल्यावर सुनील सर हसले. ही काय द्राक्षाची बाग आहे, म्हणाले, आणि या वयात यांना झेपणार का? शेजारच्या खोलीतून वत्सलाबाई नावाच्या पेशंट कूस बदलून द्या म्हणून केव्हाच्या हाका मारत होत्या. मंगलाबाई आत गेल्या. एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालून त्यांना अलगद वळवलं, पाठीखालची चादर नीट केली. वत्सलाबाईंचं कण्हणं थांबलं.

मग त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “बाग नाय, माणूस हाय, दिसतंय मला. पोर शिकायला चाललीय. तिचे कागद द्या, मी हाय इथं.”

बदली माणूस सुनील सरांनीच मागितला होता, आणि आता पेशंटचे नातेवाईक बघत होते. दुपारी कपाट उघडलं.

दाखले हातात आल्यावर मात्र मीनाचा धीर सुटला. स्वतःच्या सुटकेसाठी आपण आईला अडकवलं, हे तिला आत्ता पुरतं उमगलं आणि फार वाईट वाटलं. शिक्षण दोन वर्षांचं होतं.

“आई, तुला इथून कोण सोडवणार?”

मंगलाबाई आयांचा निळा कोट अंगात चढवत होत्या.

“तू. नर्स होऊन ये. तवर मी हलत नाय.”