सोयीचं कारण

आमच्या उमाकांतला खोटं बोलता येत नाही, असं सासूबाई कौतुकानं सांगायच्या. त्यांच्या याच लेकानं रियाधमध्ये आयुष्यभर एका खोट्यावर संशोधन केलं. मी बायको, त्यामुळे हसायचा हक्क माझा.

तो लिव्हर आणि किडनी ट्रान्सप्लांटचा सर्जन. इथे बहुतेकदा अवयव घरचंच माणूस देतं. बाप आजारी पडला की सगळं खानदान मुलांकडे बघायला लागतं. आता त्यातल्या एखाद्याला भीती वाटली, तर त्यानं तोंड कुठे लपवायचं? म्हणून देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारतात. तो नको म्हणाला, तर डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, तपासणीत बसत नाही. खलास. पुढे कोणी काही विचारायचं नाही. उमाकांतनं अशा घरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जिथे नकार उघडा पडला, तिथे भावाभावांचं येणंजाणं तुटलं. जिथे डॉक्टरांचं कारण टिकलं, तिथे ईदला सगळे एका ताटात जेवत होते. यावर त्याचे पेपर छापून आले, लांबलांबून भाषणांची बोलावणी आली. आणि आमच्याकडे जेवायला आले की गिरीशभाऊजींना तो हे सगळं रंगवून सांगायचा.

भाऊजी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, नोकरीला सौदीतच, रास तनुराच्या तेल कंपनीत. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डायलिसिस सुरू झालं. त्यांची बायको नूपुर द्यायला तयार होती, पण तिला डायबेटिस. उमाकांत म्हणाला, मी आहे ना. भावाचं प्रकरण म्हणून निर्णय दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवून तो तपासणीला गेला. मला धास्ती होती, पण सख्ख्या भावाला किडनी देणाऱ्याला अडवायचं कोणत्या तोंडानं?

निकाल आला तेव्हा तो गाडीतच बसून राहिला. त्याच्याच किडन्या बिघडायला लागल्या होत्या. ब्लडप्रेशरनं आतून पोखरलं होतं, लघवीतून प्रोटीन जात होतं. एक काढून दिली, तर लवकरच हाही मशीनवर. मी रडले, मग त्याच्यावरच ओरडले, जगाच्या किडन्या बघत बसलास, स्वतःचं बीपी कधी मोजलंस का म्हणून. तो म्हणाला, गिरीशला कसं सांगू?

शुक्रवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. उमाकांतनं सगळं नीट समजावलं आणि रिपोर्ट दाखवायला मोबाइल पुढे केला. नूपुर उठून आत गेली. भाऊजींनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. घाबरलेल्या माणसाची लाज झाकायला डॉक्टर जे सांगतात, तेच हा सांगत होता, आणि ते कशासाठी सांगतात हे यानंच भावाला शिकवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

भाऊजींनी त्याचा हात धरला. "दादा, घाबरलास तर घाबरलास. मी रागावलो नाही. फक्त ते डॉक्टरांचं कारण मला नको देऊस."

मी तोंड उघडलं. अहो, हा खरंच आजारी आहे, चला आत्ताच्या आत्ता कुठल्याही लॅबमध्ये, असं सांगणार होते. उमाकांतनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. वाद घातला तर त्याचा प्रत्येक शब्द सबब ठरणार होता. आणि पटलंच, तर मशीनवरचा भाऊ स्वतःचं दुखणं सोडून दादाची काळजी करत बसणार. किडनी देता येत नव्हती, निदान भाऊ तरी राहायला हवा होता.

"हो रे," तो म्हणाला. "घाबरलो."

भाऊजींनी त्याला जवळ घेतलं, पाठ थोपटली, होतं असं म्हणाले. माझा मात्र जीव जळत होता. माझा नवरा घाबरट नाही हो, हे मला त्या बिल्डिंगच्या गच्चीवरून ओरडून सांगावंसं वाटत होतं.

निघताना दोघे भाऊ बोलत बोलत खाली उतरले. मी चपला घालत होते, तेव्हा नूपुर दारात आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं, उमाकांतचं ते 'घाबरलो'सुद्धा. डोळे रडून लाल झाले होते.

"वहिनी," ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही एकट्याच या."

मी बरं म्हणाले.