शेऱ्या माझाच हाय, पण नेऊ कुठं?

भावांनो, आज सकाळी संभाजीनगरला उतरलो आन तसाच पाचोडला गेलो, माझा कुत्रा शेऱ्या आणायला.

मी सुरतला कापडाच्या लूमवर कामाला हाय. जाताना शेऱ्याला भानुदासकाकांच्या मोसंबीच्या बागेत ठेवलं होतं. आज नेतो म्हणलं, तर काका नायच म्हणले.

"आता आठवण झाली व्हय रे कुत्र्याची? भाकर आमी घातली, कुत्रं आमचं."

शेऱ्या तर मला बघून रडल्यावानी आवाज काढत अंगावर उड्या मारत होता. माझं डोकंच सरकलं. काकांना लई बोललो, नको नको ते बोललो.

 मग त्यांनीच साखळी सोडून माझ्या हातात दिली.

"ने बाबा. फक्त ठिवणार कुठं, तेवढं सांग."

आमच्या सुरतच्या खोलीत दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच अंथरुणावर झोपतेत.  शेऱ्याला मीच परत खुंट्याला बांधलं. बांधताना तो माझा हात चाटत होता.

भावांनो, परगावी खोलीवर कुणी कुत्रं ठेवलंय का? खोलीमालकाला कसं मनवलं? खरंच सांगा, माझी सुट्टी अजून संपली नाय.