तिखाडीचं सारवण

जुलेखाबी कुठल्याही पोराचं ‘हो’ त्याच दिवशी घेत नसे. “आता नोको म्हनू,” ती म्हणायची. “घरी जाय, जेव, झोप. सकाळी बी वाटलंच तं येजो. ताजं हो मले नाई पाहिजे, ते लवकर नासते.”

काम असायचं घर साफ करण्याचं. शिरपूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथे कुणाच्या घरात मोठं दुखणं आलं की जुलेखाबीला बोलावणं जाई. मानोऱ्याकडच्या डोंगरात तिखाडी नावाचं वासाचं गवत होतं आणि तिच्या नवऱ्याची त्याचं तेल काढायची भट्टी होती. नवरा गेला, भट्टी दुसऱ्याकडे गेली. पण गवताच्या दिवसांत ती तिथे राबायला जाई आणि मजुरीच्या बदल्यात तेलाच्या बाटल्या घेऊन येई. उकळत्या पाण्यात कडुलिंबाचा पाला, वर तिखाडीचे चार थेंब. त्याच पाण्यात शेण आणि राख कालवून ती जमीन सारवी, खाटेचे पाय आणि चौकटी पुसून काढी. हे सगळं ती एकच दिवस करून दाखवायची. दुसऱ्या दिवसापासून घरच्या पोरानं करायचं.

पाटलांच्या घरी पटकी झाली तेव्हाची गोष्ट गावात बरेच दिवस चालली. पाटलांचा मुलगा लगेच हो म्हणाला, जुलेखाबीनं त्याला परत पाठवलं, आणि सकाळी तो आलाच नाही. मग पाटील स्वतः तिच्या दारात आले.

“बी, पोट्टं लहान आहे. मी गडी देतो दोन.”

“गड्याले त्या घरात काय मरायचं आहे, पाटील? थो पानी शिंपडन अन् बिडी पीत बसन.”

“मंग तूच कर ना. तुले काय पाहिजे ते घे.”

“मले तुमच्या पोराचं हो पाहिजे. ते तुमच्याजवळ बी नाई, मी तरी कुठून आनू?”

पाटील चिडून गेले. तिसऱ्या दिवशी पोरगा आला, डोळे सुजलेले. त्यानं सारवण केलं. मोठ्यांचं हो तिला का चालत नाही, असं माझ्या आईनं एकदा विचारलं होतं. “मोठं मानूस भेलं म्हंजे हो म्हनते,” ती म्हणाली. “बिमारी गेली का इसरते. पोरगं एकदा लागलं का लागलं.”

आमच्या कुळात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाईमाणसांतलीच नव्हे, सगळ्यांतली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. तुम्हाला कुणी घडवलं, असं लोक विचारतात. हेडमास्तरांचं नाव येईल अशी त्यांची अपेक्षा असते. मी जुलेखाबीचं नाव घेते आणि ती कोण, ते कुणालाच ठाऊक नसतं. ती वारली तेव्हा मी अमरावतीला होते. मला दोन महिन्यांनी कळलं.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या मोठ्या बहिणीला, काशीताईला, सासरच्यांनी बैलगाडीत घालून परत पाठवलं. क्षय होता. मागच्या खोलीत तिची खाट टाकली. आईच्या अंगावर चार महिन्यांचा माझा भाऊ, म्हणून आईनं त्या खोलीत जायचं नाही असं जुलेखाबीनं बजावलं. बाबा दिवसभर वावरात. उरले मी.

“हे पाय वच्छे,” ती मला म्हणाली, “काशी या खोलीत आहे तवरीक, अन् मंग चाळीस रोज. एकबी खाडा नाई. इचार कर.”

मी रात्रभर विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मी झोपले. सकाळी जाऊन हो म्हटलं.

दोन महिने मी एक दिवस चुकवला नाही. थुंकीच्या मडक्यात राख, ताईचे कपडे उकळत्या पाण्यात, मग सारवण. हातांना तिखाडीचा वास इतका बसला की शाळेत पोरी नाकाला पदर लावत. “आली गवताची पेंढी,” म्हणत. ताई खाटेवरून माझं सारवण बघत असे. “तुहा हात किती लहान आहे वं,” ती हसायची, “चिमनीनं सारवल्यासारखं वाटते.”

मग शिरपूरला देवळाशी बाजार भरला. मावशीची गाडी पहाटेच निघत होती. संध्याकाळी आल्यावर सारवू, असं मी मनाशी म्हटलं आणि गाडीत बसले. बांगड्या घेतल्या, जिलबी खाल्ली. दिवेलागणीला परत आले तर खोलीची जमीन ओली होती. ताई खाटेला टेकून खालीच बसली होती. कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले, तोंडाला धरलेलं फडकं लाल.

“मी सारवलं,” ती म्हणाली. “बीले सांगू नोको. तुहा खाडा पडला असता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जुलेखाबी आली. दारातच थांबली आणि खाली वाकून बघत राहिली. सारवणावर हाताचे अर्धगोल उमटतात. माझे लहान असत, भिंतीपासून दारापर्यंत ओळीनं. हे मोठे होते, वेडेवाकडे, खाटेभोवती हात पोचेल तेवढेच.

“हे कोनं सारवलं?”

“वच्छीनं,” ताई म्हणाली.

जुलेखाबीनं माझ्याकडे पाहिलं. मी नव्या बांगड्या पाठीमागे लपवल्या. उरलेली जमीन स्वतः सारवून ती निघून गेली.

चौथ्या दिवशी ताई गेली.

मसणातून माणसं परत आल्यावर मी जुलेखाबीच्या घरी गेले. ती चुलीपुढे बसली होती. मी रडत सगळं सांगितलं आणि विचारलं, “बी, माझ्यानं मेली का ताई?”

दुसरं कुणीही असतं तर नाही बेटा म्हणून जवळ घेतलं असतं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“बिमारीनं मेली. आज ना उद्या मरनारच होती. पन थे दिवस तिचे होते, चार असो का चाळीस. त्यातले किती तू नेले, ते मले नाई ठाऊक. तुले बी कदी समजनार नाई. ते तुह्याजवळ राह्यते आता.” मग म्हणाली, “उद्यापासून तुहे चाळीस रोज लागतात. पानी उकळून ठेवजो.”

त्या खोलीत कुणी पाऊल टाकत नव्हतं. आई तर अंगणातूनच वळून जायची. मी एकटी जाई, सारवी, दार उघडं टाकून ऊन आत घेई. एक दिवस ताप भरला, तरी गेले. रिकाम्या खोलीत खाटेच्या पायांचे चार खळगे होते. ते मी बुजवले नाहीत, भोवतीनं हात फिरवत राहिले. विसाव्या दिवशी जुलेखाबीनं ते पाहिलं. “बुजव,” एवढंच म्हणाली. मी बुजवले.

तिखाडीच्या तेलानं क्षयाच्या जंतूंना काही होत नाही, असं कॉलेजात असताना एका डॉक्टरनं मला सांगितलं. उन्हानं आणि उकळत्या पाण्यानं काय झालं असेल ते. असेलही. जुलेखाबीला जंतू हा शब्दच माहीत नव्हता.

चाळिसाव्या दिवशी दुपारी ती आली. चपला बाहेर काढून आत गेली. सगळीकडे तळहात फिरवला, कोपऱ्यांत बोटं घातली. मग जिथे खाट होती त्या जागी उघड्या जमिनीवर गाल टेकून आडवी झाली. बराच वेळ तशीच पडून राहिली. आई भावाला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती.

जुलेखाबी उठून बसली.

“आन त्याले.”

आई हलली नाही. “बी…”

“पोरीनं हो म्हनलं होतं. एक खाडा पडला, तो तिले ठाऊक आहे. बाकीचे पुरे केले तिनं. आन.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. ताई गेल्यापासून तिनं माझ्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. मग ती उंबरा ओलांडून आत आली आणि भावाला जमिनीवर ठेवलं. तो नुकताच रांगायला लागला होता. दोन हात पुढे सरकला, दोन्ही तळवे सारवणावर आपटले आणि बोटं तोंडात घातली. ती काढायला आईनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.