टोचेमामांची उरलेली गोष्ट

टोचेमामांनी आम्हाला एकही गोष्ट एका बैठकीत पुरी सांगितली नाही. राक्षस दाराशी यायचा, कडी वाजायची आणि मामा सायकलवर टांग टाकायचे. आम्ही बोंबलत मागे धावलो, की मान न वळवता म्हणायचे, "उरलेली आठ दिवसांनी!"

मामा म्हणजे सरकारी देवी टोचणारे. छप्पन-सत्तावन सालच्या आसपास बाभुळगावकडच्या आमच्या खेड्यात ते हिवाळ्यात यायचे. खाकी कोट, कॅरियरला बांधलेली लसीची पेटी. त्यांना खरं नाव असणारच, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. सायकलची घंटी वाजली की पोरं तुरीच्या वावरात पसार. आयाही काही कमी नव्हत्या. देवीचा कोप नको म्हणून टोचलेला दंड शेणानं पुसून मोकळ्या व्हायच्या. मामा कुणावर ओरडत नसत. बांधावर बसायचे, तुरीकडे पाठ करायचे आणि मोठ्यानं गोष्ट सुरू करायचे. हळूहळू एकेक मुंडकं बाहेर यायचं. गोष्ट ऐन रंगात आली की टोचणी उरकायची. आठ दिवसांनी दंडावर फोड आला की नाही ते बघायला त्यांना यावंच लागे, आणि ज्याचा फोड शाबूत त्यालाच उरलेली गोष्ट, असा त्यांचा कायदा होता. त्यापुढे कुठल्या आईचं शेण चालणार?

"दुखत नाही" हे मात्र त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. माझा धाकटा भाऊ बंडू तेव्हा पाच वर्षांचा. त्याला मांडीवर दाबून आई म्हणाली, "नाही दुखत रे राजा." मामांचा हात तिथेच थांबला.

"वहिनी, झूट नोका बोलू. पोट्ट्यानं एकदा झूट पकडलं का तो माह्या गोष्टीवरबी भरोसा ठेवत नाही." मग बंडूकडे वळून म्हणाले, "दुखते बरं, बाप्पा. पन गोष्टीच्या आधी सरते."

त्या दिवशीची गोष्ट होती खारीच्या पिल्लाची. कापसानं भरलेल्या बैलबंडीत ते झोपी गेलं आणि जागं झालं ते थेट आर्णीच्या बाजारात, कापसाच्या डोंगराएवढ्या ढिगात. बाहेर माणसं ढीग उपसू लागली. फावडं पिल्लाच्या अगदी शेपटीजवळ आलं. आणि मामा उठले!

आठ दिवस झाले, पंधरा झाले, मामा आले नाहीत. बंडूचा दंड टरारून सुजला, ताप चढला. तो ना जेवे ना झोपे. त्याचं एकच पालुपद, "मामा येत नाहीत म्हणजे खार मेली." शेवटी मीच सांगायला बसले. म्हटलं, एका माणसानं पिल्लाला उचललं आणि झाडावर नेऊन सोडलं. झालं.

"झूट," बंडू म्हणाला. "फावडं एवढं जवळ होतं, तं लागलं कसं नाही?"

मला पिल्लाला जपायचं होतं, पण बंडूचं दुखणं खरं होतं आणि माझी गोष्ट खोटी. मग मी मन घट्ट केलं आणि फावडं लागू दिलं. पिल्लाच्या शेपटीचा शेंडा तुटला. ते रडलं, घाबरलं, परत जाणाऱ्या रिकाम्या बंडीच्या जुवाला चिकटून घरच्या झाडापर्यंत आलं. बंडूनं सुस्कारा टाकला आणि भाकरी मागितली. माझं लिहिणं सुरू झालं ते त्या दिवशी, कागदाशिवाय.

हिवतापातून उठून मामा महिन्याभरानं आले. बंडूनं ऐटीत सांगितलं, "ताईनं सांगून टाकली गोष्ट." मला वाटलं, आता रागावतात. पण ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "सांग बरं मलेबी. मले तरी कुठं मालूम होतं पुढं काय झालं ते? मी तं सायकलीवर येता येता जुळवतो." मी सांगितली. ते तोंड उघडं टाकून लहान पोरासारखे ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "शेपटी तुटलेली. मंग मायनं ओळखलं काय तिले?"

हा विचारच मी केला नव्हता. "पुढच्या खेपेले सांगजो," म्हणून ते गेले. पुढच्या हिवाळ्यात पेटी घेऊन दुसराच माणूस आला. मामांची बदली झाली होती.

पुढे मी आर्णीला मास्तरीण झाले, मुलांसाठी गोष्टी लिहू लागले. कितीतरी साभार परत आल्या. दर वेळी गोष्ट पुरी झाली असं वाटलं, की मामा समोर उकिडवे बसत आणि विचारत, मंग मायनं ओळखलं काय? त्या एका प्रश्नावर मी लिहायला शिकले. पण त्याचंच उत्तर मला सापडत नव्हतं.

मामा निवृत्त होऊन आर्णीतच मुलाकडे राहतात, हे कळलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी भेटायला गेले, तर सून काकुळतीला आली होती. "पाहा ना बाई, जलमभर दुसऱ्याले टोचलं अन् सोता सुई घेत नाहीत. कंपाउंडर दोनदा वापस गेला. डॉक्टर म्हनते, सुया चुकल्या तं काही खरं नाही."

मी उशाशी बसले. "मामा, खारीच्या मायनं ओळखलं का, ते सांगायचं राहिलंय."

त्यांनी भिंतीकडे केलेलं तोंड वळवलं. "कापसातली? अवो, थे पोरगी तू?"

"बाही वर करा."

"दुखते काय?"

"दुखतं. पण गोष्टीच्या आधी सरतं."

ते खोकला येईपर्यंत हसले, आणि दंड पुढे केला. तिसऱ्यांदा आलेला कंपाउंडर सुई भरत होता तोवर मी सांगत राहिले. उत्तर मला तिथेच, त्यांच्या वाळलेल्या दंडाकडे बघताना सापडलं. पिल्लू झाडावर आलं. साऱ्या खारी भोवती जमल्या, विचारू लागल्या, दुखलं का गं? ते सगळ्यांना म्हणालं, नाही. मग ढोलीतून एक खार बाहेर आली, तिनंही तेच विचारलं. तिला मात्र पिल्लू म्हणालं, दुखलं. आणि मायनं ओळखलं.

सुई निघाली. कंपाउंडरनं विचारलं, "दुखलं काय, बाबूजी?"

"हट्! काहीच नाही."

तो पेटी आवरून निघून गेला. मामांनी बाही खाली ओढली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच मला म्हणाले, "दुखलं बरं, पोरी."