शेठनी नापसंत केलेलं वाळवंट

जैसलमेरच्या त्या रिसॉर्टच्या दारात उतरल्याउतरल्या मी तिथल्या दरवानाच्या पाया पडलो. यात चूक सगळी माझीच होती असं मला वाटत नाही. माणूस चांगला उंचापुरा, डोक्यावर पाचरंगी फेटा, मिशा कानापर्यंत नेऊन तिथं वळवलेल्या, आणि आमची गाडी थांबताच दोन्ही हात जोडून पुढं आलेला. आम्ही ज्या लग्नाची जागा बघायला गेलो होतो, त्यातल्या नवऱ्या मुलाचे हे आजोबाच असणार, असं मला वाटलं. मी वाकलो म्हणून माझ्यामागून आमची हीसुद्धा वाकली. त्या भल्या गृहस्थानं दोघांनाही तोंडभरून आशीर्वाद दिला आणि मग शांतपणे आमच्या बॅगा उचलल्या. शेजारी उभे असलेले शेठ माझ्याकडं न बघताच म्हणाले, "भाऊ, आता त्या उंटाच्याबी पाया पडून घ्या. त्योबी वयानं मोठा दिसतोय."

हे शेठ म्हणजे जुन्नरच्या जुन्या पेठेतले आमचे शेजारी. त्यांचं कापडाचं दुकान आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, त्यामुळं त्यांची नापसंती आम्हाला घरबसल्या ऐकू येते. त्यांना पसंत पडेल अशी वस्तू या जगात अजून कोणी बनवलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. चहा पिताना ते चहाला नावं ठेवतात आणि चहा संपला की कपाला. स्टँडवर नवी एसटी लागलेली दिसली की तिच्या अंगावर टिचकी मारून "पत्रा पातळ हाय" असं जाहीर करतात. माझ्या मुलाला नोकरी लागली तेव्हा मी मोठ्या हौसेनं पेढे घेऊन गेलो. एक पेढा तोंडात टाकून शेठ म्हणाले, "नोकरी बरी असंल. पेढा न्हाई." स्वतःच्या मालालाही ते सोडत नाहीत. एखाद्या बाईनं साडीला हात लावला रे लावला की, "ती नका बघू मावशी. ट्यूबलाइटमधी हसती, उन्हात तोंड पाडती." अशा माणसाचं दुकान खरं तर कधीच बंद पडायला हवं होतं. पण लोकांना वाटतं, एवढं वाईट बोलतोय त्या अर्थी खरंच बोलत असणार, आणि मग त्याच दुकानात गर्दी होते.

आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं टेम्पो करून कापडाच्या दुकानात येतात आणि नवरीच्या शालूपासून पाहुण्यांच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळी खरेदी एकाच गादीवर बसून उरकतात. याला बस्ता बांधणं म्हणतात. वर आण्याच्या पठारापासून इकडं येडगावच्या धरणापर्यंत आणि पलीकडं आंबेगाव तालुक्यात मंचरपर्यंत शेठनी किती घरांचे बस्ते बांधले असतील, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आणि ज्याचा बस्ता, त्याच्या लग्नाला शेठ हजर. ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार, कांदा-बटाट्याला शिवणार नाहीत. म्हणून प्रत्येक मांडवात कुणीतरी आठवणीनं त्यांच्यासाठी वेगळी मुगाची आमटी करून ठेवतं. ती ते नावं ठेवत संपवतात. पण या माणसाच्या मनात एकच हौस होती. एकुलत्या एक नातीच्या, म्हणजे निधीच्या लग्नात या सगळ्यांना जुन्नरात आपल्या दारी पंगतीला बसवायचं. "निम्म्या तालुक्याच्या मांडवात मी जेवलोय भाऊ," ते मला म्हणाले होते, "एकदा निम्मा तालुका माझ्या मांडवात जेवला पायजे." हे बोलताना त्यांनी कशालाच नाव ठेवलं नाही. म्हणून मला काळजी वाटली होती.

काळजी खरी ठरली. पुण्यात नोकरी करणाऱ्या निधीला लग्न वाळवंटात करायचं होतं. पिवळ्या दगडाचा किल्ला, वाळूच्या टेकड्या, उंटावरून येणारा नवरा, असं सगळं तिनं मोबाइलवर बघून मनात पक्कं केलेलं. मात्र पोरगी आजोबांवर जीव टाकणारी. दादाजी हो म्हणाले तरच जागा ठरवायची, असं तिनंच घरात सांगून टाकलं. तिचे आईवडील "तुम्ही दोघं बघून घ्या" म्हणून बाजूला झाले. शेठना सांभाळायला सोबत म्हणून आम्हा नवराबायकोला नेण्यात आलं. अपमान सोसायची एवढी सवय असलेला माणूस त्यांना पेठेत दुसरा मिळाला नसावा. शिवाय शेठच्या पणजोबांचे कुणीतरी याच मुलखातून आलेले. पूर्वजांची माती पायाला लागली की म्हातारा विरघळेल, असा सगळ्यांचा हिशेब होता.

म्हातारा विरघळला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी रिसॉर्टच्या मॅनेजरशी घरची मारवाडी बोलायचा प्रयत्न केला. मॅनेजरनं अदबीनं ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "आप लोग महाराष्ट्र से हैं ना?" शेठनी खोलीत येऊन आधी पंख्याचं बटण दाबलं. मग म्हणाले, "जुन्नरात आमाला मारवाडी म्हणत्यात. हितं मराठी. आता मधी कुठंतरी, नाशकाच्या आसपास एक खोली घेतो." त्यानंतर जैसलमेरची धडगत राहिली नाही. किल्ल्यात रिक्षा जाते हे कळल्यावर त्यांनी किल्ला बाद केला. "किल्ला म्हंजी चढताना मानूस फेसाळला पायजे. आपल्या शिवनेरीवर जाऊन बघा म्हणावं. ह्यो किल्ला न्हाई, ही आळी हाय. वर कॉफी बी मिळती." नक्षीच्या हवेल्या बघताना आम्ही सगळे माना वर करून आ वासून उभे, तर हे म्हणतात, "एवढी धूळ पुसतं कोण?" आणि खरं सांगतो, त्यानंतर मला त्या हवेल्यांमध्ये धुळीशिवाय काही दिसेना. दुपारी कठपुतळ्यांचा खेळ होता. गाइडनं फार पुरातन कला वगैरे सांगितलं. शेठ मध्येच उठले. "दोरीवर नाचणारे बघायला एवढं लांब कशाला यायचं? आपली नगरपालिका काय वाईट व्हती?"

किल्ल्यातल्या जैन मंदिरात मात्र ते बराच वेळ डोळे मिटून बसले. मी हिला हळूच खूण केली, की आता बघ, पाझर फुटतोय. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "देव चांगलाय. चपला ठेवायची सोय वाईट हाय."

पण कळस झाला तो वाळूच्या टेकड्यांवर. तिथं सगळं जग सूर्यास्त बघायला जमतं. जीप येतात, उंट येतात, माणसं वाळूत गाद्या टाकून बसतात, आणि सूर्य बुडला की टाळ्या वाजवतात. जणू तो यांनीच बुडवला. मीही मोबाइल काढून तयारीत बसलो होतो. माझ्या शेजारी शेठ सूर्याकडं पाठ करून घाईघाईनं डब्यातले मेथीचे ठेपले खात होते. "आमी जन्मभर ह्याला म्हणतोय, बाबा जरा थांब, जेवण व्हऊ दे. आन् ही माणसं म्हणत्यात लवकर बूड." रात्रीचं जेवण तिथं नाचगाणं संपल्यावर. निधीच्या लग्नाचं जेवणही तसंच असणार, हे मॅनेजरनं अभिमानानं सांगितलं. "म्हंजी नवरीच्या आजोबानं उपाशी नाचायचं," शेठ म्हणाले. निधी हसली, पण तिचं हसणं तोंडावर फार वेळ टिकलं नाही. आजोबा एकेक गोष्ट बाद करत होते आणि आता लग्नाची जागाही बाद होणार, हे तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी खरेदी होती. मी एका दुकानात पांघरायची चादर हातात घेऊन तिच्या प्रेमात पडलो होतो. दुकानदार म्हणे, खास इथलं हातकाम. शेठनी तिचं एक टोक दोन बोटांत धरलं. "हा माल माझ्या दुकानात जिन्याखाली पडलाय. तुमाला पायजे तर तिथनं न्या, जागा तरी व्हईल." मी चादर ठेवून दिली. दुकानदार पेटला. त्यानं आतून त्याच्या आईच्या हातची भरतकामाची जुनी ओढणी आणून समोर टाकली. शेठनी ती उलटी केली, टाक्यांच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मागनं बरी हाय." त्या बिचाऱ्याला काय कळणार, जुन्नरात ही पदवी अजून कुणाला मिळालेली नाही.

एवढ्यात यात्रा कंपनीच्या सारख्या टोप्या घातलेलं एक जोडपं आत शिरलं. बाईंनी लाल बांधणीची साडी उचलली. दुकानदारानं त्यांच्यासमोर चार साड्या भसाभसा टाकल्या, एकीचा पदर दुसरीत अडकला, आणि शेठना ते बघवेना. गिऱ्हाईक म्हणून बसायची त्यांना सवयच नाही. ते उठले, गादीवर चढले, साडी ओढून घेतली आणि एका झटक्यात अशी उलगडली की पदर नेमका बाईंच्या पुढ्यात येऊन थांबला. "असं टाकायचं असतं कापड," त्यांनी दुकानदाराला मराठीत सुनावलं आणि लगेच बाईंना म्हणाले, "पर ही नका घेऊ."

बाईंनी मान वर केली. "अगं बया! शेठ? हितं कधी दुकान टाकलं तुमी?"

ते जोडपं मंचरचं निघालं. त्यांच्या दोन्ही मुलींचे बस्ते शेठनीच बांधलेले. मग काय विचारता, त्या वाळवंटातल्या दुकानात मंचर-जुन्नरची पेठ भरली. कुणाची सून कशी, कुणाच्या कांद्याचं काय झालं, सगळं झालं. त्यांचं लक्ष निधीकडं गेलं. "ही तुमची नात ना? ठरलं म्हणं हिचं! आवो, आमी टेम्पो सांगून ठेवलाय राव, तुमी निस्ती तारीख कळवा," ते गृहस्थ म्हणाले. बाई म्हणाल्या, "आन् आमी तुमच्यासारखं न्हाई हं जेवणार, नावं ठिऊन. पोटभर जेवणार. पंगतीत वाढायला बी मीच येनार, आत्ताच सांगून ठिवते."

शेठ साडीची घडी घालत होते. घडी नीट बसली तरी ती त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली. "कळवतो की," ते म्हणाले. निधी दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या दिवशी उन्हं कलताना आम्ही रिसॉर्टच्या मधल्या चौकात बसलो होतो. लग्न लागणार ते याच चौकात. तीन बाजूंनी पिवळ्या दगडाचे खांब, आणि एका बाजूनं वरून खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. शेठ आपला डबा उघडून जेवत होते. निधी त्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसली.

"दादाजी, मी ठरवलंय. आपण जुन्नरलाच करू."

"का? मंचरवाल्यांमुळं?"

"तसं नाही. मलाच वाटलं." असं म्हणून ती हसली, आणि उठता उठता तिनं त्या पायऱ्यांकडं एकदा बघून घेतलं. फार नाही, बस चुकलेला माणूस रिकाम्या रस्त्याकडं बघतो तेवढंच.

मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. शेठ जिंकले होते, एक शब्द न बोलता. आता ते या चौकालाही दोन नावं ठेवतील आणि आपण घरी जाऊ. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उठले, आणि चौकात एक चक्कर मारली. एका खांबाला कापड चाचपावं तशी बोटं लावली. पायऱ्यांवर थोडं चढून खाली बघितलं. आम्ही सगळे निकालाची वाट बघत होतो.

"चांगलं हाय," शेठ म्हणाले. "हितंच कर."

मला वाटलं, मी ऐकण्यात काहीतरी चुकलो. निधीलाही तसंच वाटलं असावं. "पण दादाजी, तुमची सगळी माणसं? त्यांना कसं..."

"त्यांचं मी बघतो. तू तुझं बघ, त्या पायऱ्यांवरनं कसं यायचं ते. घागरा लांब घेऊ नको, अडकशील." तिनं त्यांना मिठी मारली, तर ओरडले, "अगं हात तेलकट हायेत माझे, ओढणीला लागंल!" तोवर सूर्य बुडला होता. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. शेठ खांबाला टेकून उभे होते, आणि एवढा वेळ कशालाही नावं न ठेवणारे शेठ मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बॅग भरत होती. मी खुशीत होतो. म्हटलं, "बघितलंस? अखेर शेठना एक जागा पसंत पडली. पूर्वजांची माती आहे शेवटी, ओढणारच."

हिनं माझा सदरा झटकला आणि घडी घालायला घेतला. "तुम्हाला कापडातलंही कळत नाही आणि माणसातलंही," ती म्हणाली. "माझ्या बस्त्याला आम्ही आण्याहून आलो होतो. आंब्याच्या रंगाचा एक शालू मी धरून बसले. आई नको म्हणाली, मावश्या नको म्हणाल्या. मग सगळ्यांनी शेठकडं बघितलं, आणि शेठनी माझ्याकडं. 'चांगला हाय,' म्हणाले, 'बांधा.' पहिल्याच पाण्यात त्याचा रंग गेला. मी तावातावानं दुकानात भांडायला गेले. तर म्हणाले, 'मला ठावं व्हतं पोरी. पर तू त्यो हातातनं सोडतच नव्हतीस.'"