आस्लाकची आरी

नॉर्वेतल्या बर्गनच्या चढावरच्या लाकडी घरांच्या गल्लीत आस्लाक कुणाकडे कॉफीला गेला की यजमानाच्या तोंडाकडे बघायच्या आधी खिडकीचा खालचा कोपरा बघायचा. फेरीबोटीवर छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. खिशात चांभाराची आरी. कोपऱ्यात ती टोचायची, लाकूड कुजून मऊ लागलं की मान हलवायची आणि डॉक्टरसारखं सांगायचं, "ही खिडकी गेली."

भाचीच्या नव्या घरी तर आरी मुठीपर्यंत आत गेली. ओढून काढताना मूठभर भुसा आला आणि एक जाडजूड किडा थेट भाचीच्या सासूच्या कपात पडला. परतताना गुनवोर, म्हणजे आस्लाकची बायको, ट्राममध्ये एवढंच म्हणाली, "आरी आजपासून घरी."

पुढच्या रविवारी समोरच्या हेर्दिसकडे दोघं वॉफल खायला गेले. आरी नव्हती, म्हणून आस्लाकने केकचा काटा खिडकीत खुपसला.

"अरे मेल्या, आईचा चांदीचा काटा आहे तो!" हेर्दिस ओरडली.

"काटा धुता येईल गं. लाकडाचं बघ. जवसाचं तेल पाजलं असतंस तर..."

"तुझ्या घरच्या खिडक्या जशा काही देवाने घडवल्यात!"

"येऊन बघ की."

हेर्दिस लगेच उठली, काटा घेऊन. आस्लाकच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत सगळ्यात चकचकीत. दर उन्हाळ्यात रंगाचा नवा हात. हेर्दिसने बाहेरून खालच्या कोपऱ्यात काटा टेकवला. रंग पापडासारखा फुटला आणि काटा लोण्यात शिरावा तसा आत गेला.

"ही खिडकी गेली," हेर्दिस म्हणाली. हुबेहूब त्याच्याच आवाजात. गुनवोर हसू दाबायला घरात पळाली.

 चौथ्या दिवशी आस्लाकने खिडकी उतरवली, तेव्हा उलगडा झाला. चौकटीखाली पाणी निघून जायला नखाएवढी फट असते. वारा येतो म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यानेच ती बुजवून टाकली होती. काचेच्या कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, तडकली होती, तिथून पाणी आत जायचं, आणि वरचे रंगाचे अकरा हात त्याला बाहेर पडू देत नव्हते.

"म्हणजे मीच कुजवली," तो गुनवोरला म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "बटाटे सोलून दे."

नऊ दिवस पाऊस. खिडकीच्या जागी फळी ठोकलेली, ऐन जुलैत स्वयंपाकघरात दिवा. खाली तळघरात आस्लाकने कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला, पाइनच्या गाभ्याचा तुकडा जोडला, कोमट जवसाचं तेल तीनदा पाजलं, नवी लांबी भरली. हेर्दिस रोज स्टूल घेऊन देखरेखीला हजर. "कोपरा राहिला," असं दिवसातून चारदा म्हणायची, आणि दोनदा तो खरंच राहिलेला असायचा.

दहाव्या दिवशी खिडकी बसली. या वेळी फट मोकळी. गुनवोरने कडी ढकलली, तर खिडकी उघडली! फट बुजवल्यापासून ती रंगाने चिकटून उघडलीच नव्हती. समोर हेर्दिसही आपल्या खिडकीत उभी.

"काय गं, आज मासे का?" तिने गल्लीपलीकडून विचारलं.

"कॉड. ये ना जेवायला!"

तिथून सुरू झालेलं बोलणं दुपार झाली तरी थांबेना. गुनवोरच्या मागे टेबलाशी आस्लाक वर्तमानपत्रातली एकच ओळ पाचव्यांदा वाचत होता.

"गुनवोर, वारा येतोय. लावून घेऊ का?"

"हात तर लावून बघ," दोन्ही खिडक्यांतून एकदमच उत्तर आलं.